कवटीवरील रेघा व कपाळींचा लेख



भडगांवापासून गिरणेच्या कांठाकांठानें जीं खेडीं वसलीं आहेत, तेथील आमच्या उपदेशक बंधूंस एक प्रश्न वारंवार विचारण्यांत येतो. पावसाळा सरल्यावर नदीच्या दरडींतून अथवा जुन्या मसणवट्यांतून एखादी कवटी उघडी पडते. ती कोणी न्याहाळून पाहिली तर तिजवर नागमोडी, बारीक, गुंतागुंतीच्या रेघा दिसतात. ज्यास मोडी वाचतां येत नाहीं त्यास तीं मोडी अक्षरेंच वाटावीं, अशा त्या रेघा असतात. मग जाणतीं माणसें सांगतात कीं, हाच तो सटवाईनें पांचवीच्या रात्रीं लिहिलेला लेख. मांस गेलें, कातडी गेली, पण लेख राहिला. आणि मग विचारतात, 'पाळकसाहेब, तुम्ही म्हणतां सटवाई नाहीं. पण लिहिलेलें तर हाडावर दिसतें. तें खोटें कसें म्हणावें?'

हा प्रश्न हंसण्यावारी नेऊं नये. विचारणारा डोळ्यांनीं पाहिलेली गोष्ट सांगत असतो, व रेघा खरोखरच असतात. शास्त्रवचन तर आपणांपाशीं आहेच. जन्मांधाविषयीं शिष्यांनीं प्रश्न केला तेव्हां प्रभूनें काय उत्तर दिलें तें योहानाच्या ९ व्या अध्यायांत सर्वांनीं वाचलें आहे. तथापि जी शंका हाडाकडे पाहून उत्पन्न झाली, तिचें निरसन त्याच हाडाकडे अधिक नीट पाहून करावें, असें आम्हांस वाटतें. म्हणून ह्या वेळचा पाठ मस्तकाचा व चेहऱ्याचा घेतला आहे. ह्यास फळा लागत नाहीं, खडू लागत नाहीं. प्रत्येकानें आपलें डोकें बरोबर आणिलें म्हणजे झालें.

प्रथम हाडें मोजूं. कवटींत एकंदर २२ हाडें असतात. त्यांपैकीं ८ मिळून मेंदूची पेटी होते व बाकीचीं १४ चेहऱ्याचीं. कानाच्या आंतील तीन तीन चिमुकलीं हाडें व जिभेच्या बुडाशीं असणारें एक हाड हीं ह्या हिशेबांत धरीत नाहींत. ह्या बावीसांत हलणारें हाड एकच, तें खालच्या जबड्याचें. कानाच्या पुढें बोट ठेवून तोंड उघडलें तर त्याची बिजागरी बोटाखालीं सरकतांना कळते. आतां हात कपाळावर ठेवा, येथें ललाटास्थि. वर दोहों बाजूंस दोन मोठीं, कौलासारखीं वांकलेलीं हाडें. मागें मानेच्या वर एक. त्यावर बोट फिरविलें असतां मधोमध एक उंचवटा लागतो. कानांभोंवतीं दोहोंकडे एक एक, त्यांस शंखास्थि म्हणतात. राहिलीं दोन, तीं आंत दडलेलीं असल्यामुळें सहसा हातास लागत नाहींत. त्यांपैकीं एकाचा आकार पंख पसरलेल्या वटवाघळासारखा आहे, म्हणून त्यास वटवाघळाचेंच संस्कृत नांव देऊन जतुकास्थि म्हटलें आहे. दुसरें नाकाच्या मुळाशीं असून त्यास चाळणीसारखीं बारीक भोंकें असतात. त्यांतून वासाचे तंतू मेंदूकडे जातात.

नाकाचा वरचा भाग तेवढा हाडाचा. शेंडा कूर्चेचा म्हणजे कानाच्या पाळीवरच्या भागासारखा लवचीक. मनुष्य मेल्यावर कूर्चा नाहींशी होते, म्हणून कवटीस नाकाच्या ठिकाणीं नुसतें भोंक दिसतें. कवटी हंसते किंवा दांत विचकते असें लहान मुलांस वाटतें तें केवळ ओठ राहिले नाहींत म्हणून.

आतां त्या रेघांकडे वळूं. त्या रेघा म्हणजे हाडांचे सांधे होत. सुतार दोन फळ्यांस खांचे पाडून एकांत एक बसवितो, तद्वत् हीं हाडें दांत्यांनीं एकमेकांत गुंतलेलीं असतात. मुख्य सांधे तीन. एक कपाळाच्या हाडामागें, एका कानशिलाकडून दुसऱ्या कानशिलाकडे आडवा जातो. दुसरा मध्यावरून, बायका भांग पाडतात त्या सुमारानें, मागें जातो. तिसरा मागल्या बाजूस घराच्या छपरासारखा दोहों अंगांस उतरतो. हे तीन सांधे ज्या जागीं पाटलाच्या कवटींत, त्याच जागीं सालदाराच्या कवटींत. जो शंभर वर्षें जगला त्याच्या, व जो पांचव्या वर्षीं दगावला त्याच्याहि. वांकणें थोडीं निराळीं असतील, एखाद्या सांध्यांत लहानसें जादा हाडहि असेल; पण तीन ओळींपलीकडे हा लेख कोणाचाच जात नाहीं. कित्येकांच्या कपाळावर मधोमध एक उभी रेघ जन्मभर राहते, हें खरें. जन्मतः ललाटास्थि दोन तुकड्यांचें असतें व तो सांधा बहुधा पहिल्या वर्षांत बुजतो. कोणाचा बुजत नाहीं, इतकेंच.

ह्यापेक्षां सोपें प्रमाण पाहिजे असल्यास खाटकाकडून बकऱ्याची मुंडी आणा. मांस काढून हाड स्वच्छ करा, आणि विचारणाऱ्याच्या हातीं द्या. त्यावरहि तशाच नागमोडी रेघा आहेत. बकऱ्याच्या घरीं पांचवी कोणी पुजली होती? आमच्या अनुभवास असें आलें आहे कीं, एक तासाच्या उपदेशानें जें होत नाहीं तें ह्या मुंडीनें होतें. तथापि तें करतांना कोणाच्या आजीची थट्टा होऊं नये, हें सांभाळलें पाहिजे.

सांधे कशासाठीं? दोन कारणांसाठीं. बाळ जन्मतेवेळीं मार्ग अरुंद असतो. हाडें सुटीं असल्यामुळें तीं कडेकडेनें एकमेकांवर किंचित् सरकतात आणि डोकें निमुळतें होऊन बाहेर येतें. म्हणूनच नवजात बालकाचें डोकें लांबट दिसतें व कांहीं दिवसांत आपोआप गोल होतें. सुइणीनें दाबून आकार देण्याचें प्रयोजन नाहीं. दुसरें कारण वाढीचें. जन्मतः डोक्याचा घेर सुमारें ३४ सेंटीमीटर असतो, तो वर्षाच्या अखेरीस सुमारें ४६ होतो. पेटी एकसंध असती तर मेंदूस वाढावयास जागा कोठून मिळती? स्तोत्र १३९ ह्यांत गर्भांतील घडणीविषयीं जें म्हटलें आहे तें वाचतांना आम्हांस ह्या सुट्या हाडांची आठवण होते.

मग हाडांवर कांहींच लिहिलेलें नसतें काय? असतें; परंतु तें पुढें होणाऱ्या गोष्टींचें नव्हे, होऊन गेलेल्या गोष्टींचें. ह्याची साक्ष दूर जाऊन शोधावयास नको. आमच्याच गिरणेच्या कांठीं, भडगांवाच्या वरच्या अंगास, चाळीसगांव तालुक्यांतील बहाळ व पलीकडचें टेकवाडें येथें भारतीय पुरातत्त्व खात्याच्या म. न. देशपांडे यांनीं १९५२-५३ व पुन्हां १९५६-५७ सालीं उत्खनन केलें, आणि तांब्याचीं व दगडाचीं हत्यारें वापरणाऱ्या अतिप्राचीन शेतकऱ्यांची वस्ती व त्यांचीं दफनें उजेडांत आणिलीं. त्याच काळांतील लोकांचें मोठें गांव पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें सांपडलें. तेथें डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर व अन्सारी ह्या विद्वानांनीं १९६८ पासून अनेक वर्षें खोदकाम केलें. घरांच्या जमिनीखालीं लहान मुलें पुरलेलीं होतीं. दोन रांजण तोंडास तोंड लावून त्यांत बाळाचा देह ठेवीत. तीन हजार वर्षांपूर्वींच्या त्या आईबापांनीं लेंकरूं घराबाहेर टाकलें नाहीं, हें वाचून मन हेलावतें. त्या मुलांचे सांगाडे सुभाष वाळिंबे व जॉन लुकाच ह्यांनीं तपासले. दुधाच्या सुळ्यांवरील लुकण कित्येक ठिकाणीं नीट बसलें नव्हतें. दांत घडत असतां पोषण तुटलें अथवा आजारानें शरीरास ओढ लागली, म्हणजे अशी खूण राहते. हाच हाडांचा खरा लेख. तो सटवाईनें लिहिला नाहीं; भुकेनें लिहिला.

आतां टाळूविषयीं. आपल्या भाषेंत टाळू हा एकच शब्द दोन जागांस लागतो, तोंडाच्या आंतल्या छतास व डोक्यावरच्या मऊ जागेस. आणि ह्या घोटाळ्यानें नुकसान होतें. डोक्यावरची टाळू म्हणजे जेथें सांधे एकत्र मिळतात ती, अजून हाड न झालेली जागा. मागची लहान असून दोन-तीन महिन्यांत भरते. पुढची मोठी, ती बहुधा दीड वर्षाच्या सुमारास भरते. तिजखालीं जाड पडदा असतो, म्हणून न्हाऊं घालतांना हलका हात लागला तर भिण्याचें कारण नाहीं. बाळ शांत असतां ती जवळजवळ सपाट असते व नाडीबरोबर किंचित् उडते.

हगवण व वांती लागलेल्या बाळाची टाळू खोल गेली, तर घरांत 'टाळू पडली' असें म्हणतात. मग कोणी तोंडांत बोट घालून आंतली टाळू वर उचलूं पाहतो, कोणी बाळास उलटें धरतो, कोणी डोक्यावर तेल थापीत बसतो. वाचकहो, ती जागा पडलेली नसते. शरीरांतील पाणी आटलेलें असतें. डोळे खोल जातात, रडतांना आसवें येत नाहींत, लंगोट कोरडा राहतो, पोटाची कातडी चिमटींत धरून सोडली तर सावकाश बसते. हीं चिन्हें दिसतांच क्षारसंजीवनीचें पाणी द्यावें. पुडी आशाताईंकडे मिळते. नसेल तर उकळून निवविलेल्या १ लिटर पाण्यांत सपाट ६ चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावें. मीठ अधिक घालूं नये; जास्त मीठ अपायकारक आहे. हें पाणी चमच्या-चमच्यानें पाजीत राहावें, अंगावरचें दूध बंद करूं नये, आणि बाळ सुस्त पडूं लागलें किंवा पाणी पोटांत ठरेना तर क्षणाचाहि विलंब न करितां दवाखाना गांठावा. सहा महिन्यांच्या आंतील बाळास तर प्रथमपासूनच डॉक्टरांस दाखवावें. १९७१ सालीं बांगला देशच्या युद्धांत सीमेवरील बनगांव येथें निर्वासितांत पटकी उसळली असतां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं ह्याच साध्या मीठ-साखरेच्या पाण्यानें असंख्य प्राण वांचविले. उलटपक्षीं, ताप असून टाळू फुगून ताठ झाली असेल, तर मेंदूच्या आवरणांचा दाह असण्याचा संभव असतो. तेथें घरचा उपाय कोणताहि नाहीं.

हाडांवरून आपण चेहऱ्यावर येऊं. शरीरांतील इतर स्नायू बहुतेक हाडापासून हाडापर्यंत जातात. चेहऱ्याचे स्नायू मात्र कातडीस चिकटलेले असतात, म्हणूनच कातडी हालते व हर्ष-शोक उमटतात. ह्या स्नायूंस हालवणारी नस कानाच्या खालून निघून गालावर पसरते. ती शिकविण्याची एक सोपी रीत आहे: मनगट कानाच्या पाळीखालीं ठेवून पंजा गालावर पसरा, अंगठा कानशिलाकडे, करंगळी मानेकडे. पांच बोटें त्या पांच दिशा दाखवितात. एका बाजूची ही नस सुजली म्हणजे एके सकाळीं मनुष्याचें तोंड वांकडें होतें, डोळा मिटत नाहीं, चूळ भरतांना पाणी ओघळतें. खेड्यांत म्हणतात, 'वारें लागलें', किंवा कोणी अदृश्य थप्पड मारली. आणि भगताकडे नेतात. सर चार्ल्स बेल ह्या शरीरशास्त्रज्ञानें १८२१ सालींच ह्या नसेचें काम दाखवून दिलें आहे. बहुतेक रोगी कांहीं आठवड्यांत सुधारतात, त्यामुळें भगतास फुकटचें यश मिळतें. परंतु पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू झालें तर पूर्ण गुण येण्याची आशा वाढते, आणि उघडा राहिलेला डोळा रात्रीं झांकून न ठेविल्यास बुबुळास जखम होते.

ह्याच्याशीं अर्धांगवायूचा घोळ होतो. रोग्यास कपाळास आठ्या घालावयास सांगा. नस सुजली असेल तर त्या बाजूस आठी पडत नाहीं. मेंदूंतला झटका असेल तर बहुधा दोन्हीकडे आठ्या पडतात, पण ओठ ओघळतो, हात लुळा पडतो, बोलणें अडखळतें. झटक्यावरचें रक्ताची गांठ विरघळविणारें औषध साडेचार तासांच्या आंतच द्यावें लागतें. म्हणून उपदेशकानें रोगनिदान करीत बसूं नये. दोन्ही प्रसंगीं त्याच घटकेस १०८ क्रमांकास बोलवावें, आणि प्रार्थना गाडींत करावी.

महारोगाचीं चिन्हेंहि पुष्कळदां चेहऱ्यावर दिसतात: भुवया विरळ होतात, कानाच्या पाळ्या जाड होतात, पापणी मिटत नाहींशी होते. औषध सरकारी दवाखान्यांत फुकट असून सहा किंवा बारा महिने घेतलें म्हणजे रोग जातो.

डोक्यास खोंक पडली तर रक्त फार वाहतें, कारण तेथील कापलेल्या रक्तवाहिन्यांचीं तोंडें लवकर मिटत नाहींत. धुतलेलें फडकें घट्ट दाबून धरावें. तंबाखू, चुना, राख भरूं नये. रक्तापेक्षां कानशिलावरच्या मुक्या माराची धास्ती अधिक. तेथलें हाड पातळ व त्याच्या आंतल्या अंगास धमनी आहे. मोटारसायकलीवरून पडलेला तरुण उठून बसतो, चहा घेतो, बोलतो, आणि तास-दोन तासांनीं पेंगूं लागतो. त्यास झोपूं देऊं नका. तो झोपत नसून मेंदूवर रक्त साचत आहे असें समजून त्यास दवाखान्यांत न्या. दाविदाच्या गोफणीचा धोंडा कोठें लागला हें सर्वांस पाठ असतें, पण शिरस्त्राण घाला म्हटलें तर तरुण मंडळीस राग येतो!

आतां दुसऱ्या एका लेखाविषयीं लिहिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. नशीब हाडावर वाचणारे अडाणी म्हणून आपण त्यांस नांवें ठेवितों. परंतु मोठमोठ्या विद्वानांनींहि हाडावर मनुष्याची पायरी वाचूं पाहिली. १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनीं नाकाची लांबी-रुंदी मोजून असें मांडिलें कीं, जात जितकी उंच तितकें नाक अरुंद. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९४८ सालीं अस्पृश्यांच्या मूळाविषयींच्या आपल्या ग्रंथांत तींच नाकांचीं मापें समोर मांडून दाखविलें कीं, त्यांवरून तर ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात.

परंतु सर्वांत धीट साक्ष एका मराठी बाईची. इरावती कर्वे (१९०५–१९७०) ह्या १९२८ सालीं बर्लिन येथें मानवशास्त्र शिकण्यास गेल्या. त्यांचे अध्यापक ऑयगेन फिशर यांचें अनुमान असें कीं, युरोपियनांच्या कवटीच्या दोन बाजू अधिक असमान असतात व त्यांच्या बुद्धीचें श्रेष्ठत्व त्यांत आहे. हें सिद्ध करावयाचें काम ह्या तरुण विद्यार्थिनीवर पडलें. त्यांनीं १४९ कवट्या मोजल्या. असमानता सगळ्यांतच आढळली, पण वंशाशीं तिचा संबंध आढळला नाहीं. आणि बाईंनीं तेंच लिहिलें. पदवी ज्याच्या हातीं त्याच्याच मताविरुद्ध, परक्या देशांत, परक्या भाषेंत. पुढें त्याच फिशरांची विद्या हिटलरच्या राज्यांत वंशसंहाराच्या कामीं आली, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या मापांचें मोल कळतें. प्रेषितांचीं कृत्यें १७:२६ शिकवितांना उपदेशकांनीं हा वृत्तान्त अवश्य सांगावा. मंडळींतहि सांगावा, कारण लग्न जुळवितांना 'मूळचे कोण?' असें हळूच विचारणारे आमच्यांतहि आहेत, आणि मुलीच्या नाकाची व रंगाची चौकशी तर उघडच होते.

शेवटीं पांचवीची रात्र. त्या रात्रीची भीति लोकांत उगीच शिरली नाहीं, असें आम्हांस वाटतें. दांत आवळून गालावर हात ठेवा. जो स्नायू टणक लागतो तो चघळण्याचा. नाळ अस्वच्छ विळ्यानें किंवा पात्यानें कापली, अथवा तिजवर राख-शेण लावलें, म्हणजे धनुर्वाताचें विष बाळाच्या अंगांत भिनतें. बाळ दोन-चार दिवस चांगलें पितें, मग हाच स्नायू ताठतो, जबडा बसतो, ओढणें बंद होतें, व बहुधा पहिल्या पंधरवड्यांतच तें जातें. अशीं बालकें गेलेल्या बायकांनीं पांचव्या-सहाव्या रात्रीं दिवा जागता ठेविला, ह्यांत नवल नाहीं. आईस गरोदरपणीं टोंचण्या, प्रसूति दवाखान्यांत, नाळ स्वच्छ व कोरडी, एवढ्यानें हा रोग इतका हटला कीं, २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांतून नवजात धनुर्वाताचें निर्मूलन झाल्याचें मान्य केलें.

म्हणून मंडळीच्या घरीं बाळ जन्मलें तर उपदेशकानें पांचव्या दिवशीं संध्याकाळीं आपण होऊन जावें. आजीबाईंनीं पाटावर कोरा कागद व लेखणी ठेविली असेल तर तीं फेंकूं नयेत, वाद घालूं नये. प्रार्थना करून तोच कागद मागून घ्यावा व त्यावर लिहावें: बाळाचा जन्मदिवस व वजन, बी.सी.जी., पोलिओ व काविळीची लस दिली कीं नाहीं. पुढच्या लशींची तारीख दीड महिन्यांनीं, अडीच महिन्यांनीं, साडेतीन महिन्यांनीं. गोवराची नऊ महिने पुरे झाल्यावर. त्याखालीं मीठ-साखरेच्या पाण्याचें प्रमाण. अक्षर मोठें व सुवाच्य असावें. कारण तो कागद आजीबाईच जपून ठेवितात, आणि शाळेंत जाणाऱ्या नातीकडून वाचवून घेतात.